कोर्लईचा किल्ला तोफेच्या नजरेने पाहताना

आपण गेल्या महिन्यात कोर्लईला जाऊन आलात आणि आपल्या मंडळाच्या वतीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली, हा किल्ला कोणाचा, कारण गावात कोणी निजामशाहीचा सांगतो, कोणी पोर्तुगीजांचा, तर कोणी मराठ्यांचा. दुसरी, इतक्या अरुंद आणि लांबट किल्ल्याला इतके दरवाजे का. तिसरी, झुडपांत पडून राहिलेल्या तोफा खाली आणून, त्यांना रंग देऊन गावाच्या तोंडाशी मांडाव्यात असा आपला विचार आहे, तो योग्य आहे का. गेली सव्वीस वर्षे मी कोकण किनाऱ्यावरील दुर्गांची मोजणी आणि डागडुजी याच कामात आहे, आणि कोर्लईवर तर मी किती वेळा चढलो याची मोजदाद ठेवलेली नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दोघांत दडलेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कोर्लई हा राहण्यासाठी बांधलेला किल्ला नव्हे. त्यात राजवाडा नाही, बाजारपेठ नाही आणि मोठी वस्ती सामावेल एवढी सपाटीही नाही. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते, त्या रेवदंड्याच्या खाडीच्या दक्षिण बाजूला डोंगराची एक चिंचोळी सोंड पाण्यात घुसली आहे. तिच्या पश्चिमेला खुला समुद्र आहे, पूर्वेला खाडी आहे आणि उत्तरेला पलीकडच्या काठावर रेवदंड्याचा कोट आहे. खाडीत शिरणाऱ्या प्रत्येक गलबताला या सोंडेच्या नाकाखालून जावे लागे. या एका वाटेवर तोफा रोखण्यासाठी हा डोंगर तटाने बांधून काढला गेला. किल्ल्यावर फिरताना प्रत्येक बुरुजावर क्षणभर थांबून ‘इथली तोफ काय पाहत होती’ असा प्रश्न विचारला, तर त्या पडक्या भिंतींचा बराचसा अर्थ आपोआप लागतो. माझ्याबरोबर येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी नकाशा हातात देण्याआधी हेच करायला लावतो.

आता हा किल्ला कोणाचा ते पाहू. पोर्तुगीज या खाडीवरच्या चौल बंदरात सोळाव्या शतकाच्या आरंभीच आले. १५०८ साली याच खाडीच्या मुखाशी इजिप्तच्या आरमाराशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेइदा मारला गेला. १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने त्यांनी उत्तर काठावर कोट बांधायला घेतला, आणि तोच आजचा रेवदंडा. मात्र समोरचा डोंगर मोकळाच राहिला. त्याला ते ‘मोर्रो’ म्हणत, म्हणजे टेकाड. कोटाच्या उरावर उभे असलेले हे टेकाड शत्रूच्या हाती पडले तर कोट निरुपयोगी ठरेल, हे त्यांना पुरते कळत होते. म्हणून गव्हर्नर फ्रान्सिस्को बार्रेतोने १५५८ च्या सुमारास तिथे किल्ला बांधण्याची परवानगी मागितली. निजामशहाने ती नाकारली आणि उलट स्वतःच तिथे बांधकाम करण्याची तयारी चालवली. ताणाताणी होऊन अखेर दोन्ही पक्षांनी टेकाडाला हात लावायचा नाही असे ठरले. एखादी जागा किती मोलाची आहे हे कधीकधी तिथे काय बांधले यापेक्षा तिथे काय बांधू दिले नाही यावरून अधिक स्पष्ट कळते. माझ्या मते कोर्लईच्या इतिहासाची खरी सुरुवात या रिकाम्या डोंगरावरच्या समझोत्यापासून होते.

पुढे १५७० च्या अखेरीस मुर्तजा निजामशहाने रेवदंड्याला मोठा वेढा घातला. तो कित्येक महिने चालला आणि १५७१ मध्ये तह होऊन उठला. शेवटी १५९४ साली दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने जुना करार मोडून मोर्रोवर तटबंदी उभी केली आणि तिथून रेवदंड्यावर तोफा डागायला सुरुवात केली. जी भीती पोर्तुगीजांना जवळपास चाळीस वर्षे होती, ती प्रत्यक्षात आली. तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की या डोंगरावरील पहिली तटबंदी निजामशाहीची आहे.

ती फार दिवस टिकली नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वसई आणि साष्टीहून कुमक आली आणि सुमारे १५०० पोर्तुगीज व तितक्याच स्थानिक शिपायांनी खाडी ओलांडून डोंगरावर हल्ला केला. निजामशाही फौजेचा सरदार फरहादखान होता. पोर्तुगीज वृत्तान्तांत एक प्रसंग येतो. बाहेर लढायला गेलेले लोक आत पळत असताना दाराच्या तोंडाशी एक हत्ती कोसळला, त्यामुळे दार लावता आले नाही आणि हल्लेखोर पळणाऱ्यांच्या पाठोपाठ आत घुसले. हा प्रसंग मला पटण्याजोगा वाटतो, कारण या डोंगरावर वाटच इतकी अरुंद आहे की एक मेलेले जनावर खरोखरीच ती अडवू शकते. निजामशाहीकडच्या मृतांचा दहा-बारा हजारांचा जो आकडा ठिकठिकाणी उद्धृत होतो, त्यावर मात्र माझा विश्वास नाही. पुढे पूर्ण झालेल्या किल्ल्याची लांबी सुमारे २८२८ फूट आणि सरासरी रुंदी सुमारे ८९ फूट भरते. गुणाकार केला तर सगळे मिळून पावणेसहा एकर क्षेत्र होते. तेव्हाच्या छावण्या पायथ्यापर्यंत पसरल्या असतील असे धरले, तरी इतक्या जागेत एवढी कत्तल झाली हे मान्य करणे कठीण आहे. जेत्यांनी लिहिलेले आकडे उद्धृत करण्यापूर्वी जमीन मोजावी, एवढेच मी सुचवीन.

या विजयानंतर पोर्तुगीजांनी जे केले ते मला सगळ्यांत बोलके वाटते. एवढी मोठी तटबंदी सांभाळायला त्यांच्याकडे माणसेच नव्हती, म्हणून त्यांनी तिचा बराचसा भाग पाडून टाकला आणि दोनच गोष्टी राखल्या. एक म्हणजे माथ्यावरचा मधला बुरूज आणि दुसरी म्हणजे पाण्यालगतची बातेरी, म्हणजे तोफा मांडण्याची जागा. माणसे कमी पडली तरी ज्या दोन गोष्टी सोडून चालणार नाही अशा त्यांना वाटल्या, त्यांतच या किल्ल्याचे सगळे प्रयोजन आले. असे का, हे समजण्यासाठी त्या काळची तोफ कशी चालत असे ते थोडक्यात पाहावे लागेल.

भरीव लोखंडी गोळा फेकणाऱ्या, आतून गुळगुळीत नळीच्या तोफेने चालत्या जहाजावर नेम धरून मारा करायचा, तर अंतर अर्ध्या-पाऊण किलोमीटरच्या आत असावे लागे. गोळा त्यापुढेही जाई, पण तो लागणे हा बहुतांशी नशिबाचा भाग असे. उंचावर ठेवलेल्या तोफेचा फायदा असा की तिला दूरवरचे शीड लवकर दिसते आणि जहाजावरच्या तोफांना नळ्या तितक्या वर उचलता येत नसल्यामुळे ती सुरक्षित राहते. कोर्लईचा माथा समुद्रापासून सुमारे २७० फूट उंच आहे. मात्र उंचावरून सुटलेला गोळा तिरका खाली येतो, अंतराचा अंदाज थोडा जरी चुकला तरी तो जहाजाच्या अलीकडे किंवा पलीकडे पाण्यात पडतो, आणि डोंगराच्या अगदी पायथ्याशी आलेल्या जहाजावर तर तोफेचे तोंड वळतच नाही. पाण्याच्या पातळीजवळच्या तोफेचे नेमके उलट आहे. तिचा गोळा पाण्याला जवळजवळ समांतर जातो, अंदाज चुकला तरी पाण्यावर टप्पे खात पुढे सरकतो आणि जहाजाच्या कुशीतच बसतो. मात्र जहाजाची सगळी सरबत्तीही तिच्यावरच येते. म्हणून वरची आणि खालची अशी जोडी लागते. वरच्यांनी दुरून रोखायचे आणि खालच्यांनी जवळ आल्यावर फोडायचे, अशी ही विभागणी असे. रेवदंड्याचा कोटही त्याच हातात असला की खाडीचे तोंड दोन्ही काठांवरून माऱ्याखाली येई.

उत्तर टोकाला पाण्याशेजारी जी मोकळी पडवीसारखी जागा दिसते आणि जिथे आपल्यातील बहुतेकांनी छायाचित्रे काढली असतील, तीच ही पाण्यालगतची बातेरी, तिला क्रुसाची बातेरी म्हणतात. तिथल्या तोफांसाठी ठेवलेल्या खाचांत वाकून पाहिले तर एक बारकावा दिसतो. खाच आतून अरुंद आणि बाहेरच्या बाजूला फाकत जाते. त्यामुळे तोफेचे तोंड डावीउजवीकडे फिरवता येते, पण शत्रूला आत शिरायला मोठे भोक मिळत नाही. प्रत्येक खाचेच्या दोन्ही कडांची दिशा होकायंत्राने टिपली आणि कागदावर रेषा लांबवल्या, तर त्या रेषा एकमेकींना कुठे छेदतात ते दिसते. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा मुखातील पाण्याचा एक ठरावीक पट्टा रेषांच्या जाळ्याने भरून गेला आणि बाकीचा कागद जवळपास कोरा राहिला. बांधणाऱ्याला कोणते पाणी महत्त्वाचे वाटत होते, हे त्याच्या कागदपत्रांवाचूनही त्या पट्ट्यावरून कळले.

दरवाज्यांचा उलगडाही डोंगराच्या आकारातच आहे. सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी ही सोंड पुन्हा लांबवर तटाने वेढली तेव्हा तिला गोलाकार कोटासारखे स्वरूप देणे शक्यच नव्हते. इतक्या लांब पट्टीची अडचण अशी की शत्रूने तट कुठेही एका ठिकाणी फोडला की सगळा किल्ला गेला. त्यावर उपाय म्हणून त्यांनी आडव्या तटांनी किल्ल्याचे भाग पाडले. एक भाग पडला तर माणसे पुढच्या भागात मागे सरायची, दार लावून घ्यायची आणि वरच्या बुरुजावरून खालच्या भागावरच मारा करायची. किल्ल्याला एकूण ११ दरवाजे सांगितले जातात, चार बाहेरचे आणि सात आतले. आतले दरवाजे बाहेरच्यांपेक्षा जास्त आहेत, यावरूनच हल्ला झाल्यावर टप्प्याटप्प्याने लढायची योजना कळते. ‘लढल्याशिवाय इथून पुढे जाता येणार नाही’ अशा अर्थाचा जो पोर्तुगीज लेख कोर्लईच्या दरवाज्याच्या संदर्भात नेहमी सांगितला जातो, त्याच्याकडे या मांडणीसह पाहावे. दरवाज्यातून आत शिरल्यावर उजवीकडे-डावीकडे मान वळवा, कोणत्या ना कोणत्या बुरुजाची जंगी, म्हणजे मारा करण्याचे भोक, आपल्यावर रोखलेली असतेच. बुरुजांना त्यांनी संतांची नावे दिली होती. माथ्यावर पावसाचे पाणी साठवणारे टाके आहे, त्याला तीन तोंडे आहेत. दारूकोठार आणि छप्पर उडालेले चर्च हेही जवळपासच आहेत. पाणी, दारू आणि प्रार्थना या तिन्ही गोष्टी सर्वांत वरच्या आणि सर्वांत शेवटी पडणाऱ्या भागात ठेवल्या आहेत, हे लक्षात घ्यावे.

मराठ्यांचा संबंध दोनदा आला. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी चौल-रेवदंड्यावर मोहीम केली तेव्हा कोर्लईवरही हल्ला झाला, पण किल्ला हाती आला नाही. दुसऱ्यांदा चित्र पालटलेले होते. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणाच मोडला. कोर्लईवर सुभानराव माणकर यांना पाठवण्यात आले होते. वसई गेल्यावर रेवदंडा आणि कोर्लई एकाकी धरून ठेवण्यात पोर्तुगीजांना अर्थ उरला नाही, आणि इंग्रजांच्या मध्यस्थीने झालेल्या तहानुसार १७४० मध्ये दोन्ही ठिकाणे मराठ्यांकडे गेली. मराठ्यांनी सान दियोगु बुरुजाला पुस्ता बुरूज आणि सान फ्रान्सिस्कु बुरुजाला गणेश बुरूज अशी नावे दिली. रत्नेश्वराचे मंदिर आणि समोरचे तुळशीवृंदावन आजही चर्चच्या भिंतींपासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यामुळे गावातील तिन्ही मते आपापल्या जागी खरी आहेत. पहिला तट निजामशाहीचा, आज दिसणारे बहुतांश बांधकाम पोर्तुगीजांचे आणि शेवटची लष्करी मालकी मराठ्यांची. १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला.

पोर्तुगीज गेले, पण त्यांची एक खूण डोंगराखालच्या गावात अजून बोलली जाते. कोर्लईच्या ख्रिस्ती वाडीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून घडलेली एक बोली आहे. तिला तिथले लोक ‘नोव लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. १७४० नंतर पोर्तुगीजांशी थेट संबंध तुटूनही ती घराघरांत टिकली. किल्ल्याच्या इतिहासावर फलक लावायचा झाला तर आपल्या मंडळाने या वाडीतील वडीलधाऱ्यांशी आधी बोलावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बुरूज ढासळले तरी ते बांधणाऱ्यांच्या काळातील शब्द जिवंत आहेत, ही गोष्ट किनाऱ्यावरील फार थोड्या किल्ल्यांच्या वाट्याला आली आहे.

किल्ला पडका कसा झाला, हेही यातूनच येते. तो कोणी सुरुंग लावून उडवला नाही. ज्या बंदराची तो राखण करीत होता त्या चौलचा व्यापार मुंबईकडे वळत गेला, आणि १८१८ नंतर सगळा किनारा एकाच सत्तेखाली आल्यावर खाडीच्या तोंडावर तोफा रोखून बसण्याचे कारणच संपले. माणसे गेली की कोकणातील पाऊस काम सुरू करतो. दरवर्षी दोन-अडीच हजार मिलिमीटर पाणी तटाच्या माथ्यावरून आत मुरते, सांध्यांतील चुना धुऊन नेते, त्या फटीत पिंपळ-वडाचे बी रुजते आणि मूळ जाडावले की दोन्ही बाजूंचे चिरे बाहेर ढकलले जातात. समुद्राकडच्या बाजूला खारे वारे दगडाचा पृष्ठभाग खातात. तेव्हा श्रमदानाला जाल तेव्हा एक करा. तटावरचे झाड उपटू नका. मूळ ओढले की त्याच्याबरोबर हातभर भिंत येते. झाड खोडापाशी कापावे आणि पुढचे काम जाणकारांच्या देखरेखीखाली करावे. सिमेंट तर अजिबात वापरू नये. ते चुन्यापेक्षा कडक असते आणि पाणी आत कोंडून ठेवते, त्यामुळे सांधा राहतो आणि दगड फुटतो.

आता तोफा. त्या हलवू नका, आणि रंगवू तर मुळीच नका. दुसऱ्या एका सागरी किल्ल्यावर एका उत्साही गटाने जुन्या ओतीव तोफा तारेच्या ब्रशाने घासून त्यांना काळा तैलरंग दिला होता. त्यांच्या मनात किल्ल्याविषयी प्रेमच होते, याबद्दल मला शंका नाही. तीन पावसाळ्यांनंतर मी तिथे गेलो, नखाने रंगाचा एक फुगा उचलला आणि त्याच्याबरोबर बोटभर जाडीचा लोखंडाचा पापुद्रा सुटून हातात आला. आतील बाजू नारिंगी आणि ओलसर होती. शतकानुशतके खाऱ्या हवेत राहिलेल्या ओतीव लोखंडाच्या अंगात मीठ मुरलेले असते. वरून रंगाचा थर दिला की ते मीठ आत अडकते आणि गंज थराखाली अधिक वेगाने पसरतो. आधी मीठ बाहेर काढावे लागते, आणि ते प्रयोगशाळेतील जाणकारांनी महिनोन्‌महिने करायचे काम आहे. तारेच्या ब्रशाने तर त्याहून वाईट झाले होते, कारण तोफेच्या पाठीवर वजनाचे किंवा ओतशाळेचे जे अंक-अक्षरे कोरलेली असतात, ती घासून गेली होती. तोफ कोणाची आणि कोणत्या काळातली, हे सांगणारा तो बहुधा एकमेव पुरावा असतो.

हलवण्याला माझा विरोध अशासाठी की पडलेल्या तोफेची जागाही काही सांगत असते. ती कोणत्या बुरुजापाशी आहे, तिचे तोंड कुठे आहे आणि ती तटावरून घसरून आली की तिथेच टाकली गेली, हे एकदा ती उचलल्यावर कायमचे पुसले जाते. त्याऐवजी आपल्या मंडळाने प्रत्येक तोफेची नोंद करावी. त्यासाठी मोजपट्टी, एक सरळ काठी, होकायंत्र आणि वही पुरे. तोंडापासून मागच्या कड्यापर्यंतची लांबी घ्या, नंतर मागचा गोल बोंडासारखा भाग वेगळा मोजा. दोन्ही बाजूंना निघालेल्या खुंटांचा व्यास आणि त्यांचे तोंडापासूनचे अंतर टिपा. रंजक, म्हणजे बत्ती देण्याची दारू, घालण्याचे छिद्र मोकळे आहे की खिळा ठोकून बुजवले आहे ते पाहा. ते मुद्दाम बुजवलेले आढळले तर तोफ शत्रूच्या हाती पडू नये म्हणून निकामी केली गेली होती, असा अर्थ संभवतो. नळीचा व्यास आडवा आणि उभा असा दोनदा घ्या, कारण गंजामुळे तो सारखा राहत नाही. चार इंच व्यासाचा भरीव लोखंडी गोळा सुमारे चार किलोचा भरतो आणि गोळा सहज आत जावा म्हणून नळी त्याहून किंचित मोठी ठेवलेली असते, एवढे ध्यानात ठेवले तर प्रत्येक तोफ किती वजनाचा गोळा फेकत होती याचा हिशेब आपल्यालाही मांडता येईल. अक्षरे दिसली तर ती घासू नका. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरके असताना बाजूने छायाचित्र घ्या, पुसट अक्षरेही उठून दिसतात.

ही वही पूर्ण झाली की तिची एक प्रत पुरातत्त्व खात्याकडे द्या आणि तोफा लाकडी गाड्यांवर चढवण्याची परवानगी त्यांच्याकडेच मागा. ती मिळाली तर तोफ ज्या बुरुजापाशी सापडली त्याच बुरुजावर, त्याच खाचेत, खाडीकडे तोंड करून बसवावी. गावाच्या तोंडाशी ठेवली तर तिच्यासमोर रोखण्याजोगे पाणीच उरणार नाही. क्रुसाच्या बातेरीवर जायचे असेल तर ओहोटी पाहून जा. भरतीच्या लाटा टोकाच्या खडकांवर जोराने आदळतात आणि पावसाळ्यात तिथली वाट फार निसरडी होते.